चोवीस नोव्हेंबर

१

पायलला तारखा मोजायची सवय होती. लग्नाआधी तीन वर्षं ती पुसदजवळच्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटावर कॉम्प्युटरचं काम करायची. दिवसाला तीस-चाळीस गरोदर बायांच्या नोंदी तिच्या हाताखालून जायच्या. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, त्यात नऊ महिने आणि वर सात दिवस, की झाली बाळंतपणाची तारीख. मशीन ती आपोआप काढायचं, पण त्याच्याआधी पायलच्या तोंडात आकडा तयार असायचा. सोबतचा अतुल तिची थट्टा करायचा, की तुझी स्वतःची वेळ येईल तेव्हा तर तू तासही सांगशील.

वीस एप्रिलला तिचं लग्न झालं आणि ती राळेगाव तालुक्यातल्या एका गावात आली. नवरा धम्मरत्न मोटारपंप दुरुस्त करायचा, गाडी चालवायचा, कमी बोलायचा. घरात तो आणि त्याची आई रुखमाबाई, दोघंच. पुढची खोली स्लॅबची, मागे टिनाची एक लांबट खोली, तिच्यात सोयाबीनचं बियाणं आणि जुनी लाकडी बाज. सासू हौशी होती. पहिल्या दिवसापासून पायलच्या ताटात ती स्वतःच्या हातानं भाकर वाढायची आणि जेवण संपेपर्यंत समोर बसून राहायची. आपल्याला नशिबानं बरं घर मिळालं, असं पायलला वाटलं आणि तिनं आईला फोनवर तसं सांगितलंही.

मे महिन्याच्या तीन तारखेला तिची पाळी आली. जूनमध्ये आली नाही. मेडिकलमधून पट्टी आणून तिनं मोरीत तपासली, दोन रेघा दिसल्या, आणि तिथंच उभ्या उभ्या तिनं हिशेब केला. दहा फेब्रुवारी. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती तारीख तिनं कोणाला सांगितली नाही, नुसती मनात घोळवली.

एकवीस जूनला गावची आशा कार्यकर्ती मथुराताई घरी आली. पन्नाशीची, जाड चष्म्याची बाई. तिनं वजन केलं, रक्त घेतलं, दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिलं. मग मांडीवर कार्ड ठेवून ती भराभर लिहू लागली. पायल त्या प्रश्नाची वाट पाहत होती. हजारो बायांना विचारला जाणारा पहिला प्रश्न. तो आलाच नाही. कार्ड तिच्या हातात आलं तेव्हा त्या रकान्यात तारीख भरलेली होती. शेवटची पाळी सतरा फेब्रुवारी. बाळंतपण चोवीस नोव्हेंबर.

"ताई, पाळीची तारीख तर तुमी इचारलीच नाही मले," पायल म्हणाली.

मथुराताईनं पेनाला टोपण लावलं. "ते हाय मायाजवळ."

पायल हसली. तिला वाटलं, दुसऱ्या कोणाची तारीख चुकून चढली. ती म्हणाली, माझी तीन मेची आहे, फेब्रुवारीत तर माझं लग्नही झालेलं नव्हतं. मथुराताईनं रुखमाबाईकडं पाहिलं. रुखमाबाई दारात उभी राहून पदराच्या टोकानं हात पुसत होती. कार्ड दुरुस्त करून देते, असं काहीतरी पुटपुटत मथुराताई निघून गेली. तिनं ते कधीच दुरुस्त केलं नाही.

२

जुलैच्या पहिल्या शनिवारी धम्मरत्ननं तिला यवतमाळला सोनोग्राफीला नेलं. पायलच्या हिशेबानं तेव्हा पुरते नऊ आठवडे झाले होते. नऊ आठवड्यांचा गर्भ केवढा असतो हे तिला ठाऊक होतं, जेमतेम बोराएवढा.

डॉक्टरांनी पोटावर थंड जेल लावून मशीन फिरवलं आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीला आकडे सांगायला सुरुवात केली. डोकं, पोट, मांडीचं हाड. पायलनं मान वळवून पडद्याकडं पाहिलं. त्यावर एक अख्खं लेकरू होतं. त्याचा पाठीचा कणा दिसत होता, हात तोंडाजवळ होता.

एकोणीस आठवडे पाच दिवस, डॉक्टर म्हणाले. तारीख येते चोवीस नोव्हेंबर. कार्डावरही तीच आहे, छान.

पायलनं सांगून पाहिलं. डॉक्टर सरावानं बोलले, की बऱ्याच जणींना दिवस राहिल्यावरही थोडं अंगावर जातं आणि त्या त्यालाच पाळी समजतात. तिनं मान डोलावली. ती स्वतः किती बायांना हेच बोलली होती. पण मार्च, एप्रिल, मे, तिन्ही महिन्यांची तिची पाळी चार-चार दिवस होती, आणि लग्नाआधी तिच्या आयुष्यात कोणी नव्हतं. एकोणीस आठवडे होऊच शकत नव्हते. पोटावरचं जेल पुसत ती कॉटवरून उतरली. आता काय होणार ते तिला लख्ख दिसत होतं. रिपोर्ट वाचणारा कोणीही बोटं मोजून सांगू शकला असता, की हे लेकरू लग्नाच्या दीड महिना आधीचं आहे.

धम्मरत्ननं रिपोर्ट वाचला. तारखेवर त्याचं बोट थांबलं. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि तिला विचारलं, उसाचा रस पितेस का.

परतीच्या रस्त्यात तिनं मनात शंभर उत्तरं तयार केली. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. घरी त्यानं रिपोर्ट आईच्या हातात दिला. रुखमाबाईला वाचता येत नव्हतं, त्यानं तारीख वाचून दाखवली, आणि म्हातारीनं डोळे मिटून समाधानाचा श्वास सोडला.

पायल स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिच्यावर कोणी ओरडलं असतं, माहेरी पाठवतो म्हणालं असतं, तर ती भांडली असती, बाबाची शपथ घेतली असती. इथं भांडायला कोणी नव्हतं. तिच्यावर संशय घेण्याइतकंही त्या दोघांना तिच्याशी घेणंदेणं नव्हतं. भाजी करपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

३

त्यानंतर तिनं हे सगळं नोंदी तपासावं तसं तपासायला घेतलं. चूक असेल तर ती कुठंतरी सापडणारच, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं.

कार्डावर रक्तगट बी निगेटिव्ह लिहिला होता. पायलचा ओ पॉझिटिव्ह. कॉलेजात असताना तिनं दोनदा रक्तदान केलं होतं, प्रमाणपत्र माहेरच्या पेटीत होतं. म्हणजे सापडली चूक, दुसऱ्या बाईचं कार्ड आपल्या गळ्यात पडलं. ती एकटी राळेगावला गेली आणि बसस्टँडजवळच्या लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं. पोरानं अर्ध्या तासात चिठ्ठी दिली. बी निगेटिव्ह. तिनं पुन्हा तपासायला लावलं. त्यानं काचेच्या पट्टीवरचे थेंब तिच्यासमोर धरले आणि म्हणाला, पहिल्यांदा तुमचं चुकलं असेल मॅडम. पण तेव्हाचं रक्त कोणालातरी चढलं होतं. चुकलं असतं तर तो माणूस जगला नसता.

पोट वाढत होतं. चौथा महिना लागायच्या आत तिला साडीच्या निऱ्या वर खोचाव्या लागल्या. रुखमाबाई रोज सकाळी तिच्या बेंबीवर चार बोटं ठेवायची आणि मान हलवायची. दुपारी तिला पुढच्या खोलीत डाव्या कुशीवर निजवून ती शेतात जायची.

एका दुपारी पायल अशीच पडली होती. बाहेर कोंबड्या खुरडत होत्या, पंखा कुरकुरत होता. पोटात बाळानं जोरात लाथ मारली, आणि मागच्या खोलीतून आवाज आला.

"अं."

अगदी लहान आवाज होता. पोटात लाथ बसली की बाईच्या तोंडून नकळत निघतो तसा. पायलनं आधी स्वतःच्या तोंडाला हात लावला. आपणच केला असेल. ती पडून राहिली. दहा मिनिटांनी बाळ पुन्हा हललं. ओठ घट्ट मिटलेले होते, तिनं ते दातात धरले होते.

"अं," मागच्या खोलीत कोणीतरी म्हणालं, आणि बाज करकरली.

ती उठून गेली. खोलीत बियाण्याचे कट्टे होते, बाज रिकामी होती, टिनावर ऊन तापलं होतं. टिन तापलं की वाजतं, लाकूडही वाजतं. हे तिनं स्वतःला दोनदा सांगितलं. मग तिनं बाजेवर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला. बाजेच्या विणीचा मधला भाग अजून हलत होता.

४

अतुलला तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला, शेतात, बांधावर उभी राहून. कार्डावरचा बारा आकडी नंबर वाचून दाखवला आणि म्हणाली, एवढी नोंद उघडून पाह्य, काहीतरी घोळ झाला हाय. अतुल कॉम्प्युटरसमोरच होता. त्यानं नंबर टाकला.

"पायल, हा नंबर तुया नाही," तो म्हणाला.

"मंग कोणाचा?"

"शीला धम्मरत्न. गाव तुयंच, घर नंबर तोच. चार वर्षांपहिलेची नोंद हाय. शेवटची पाळी सतरा फेब्रुवारी."

पायलनं बांधावरच बूड टेकलं. अतुल वाचत गेला. रक्तगट बी निगेटिव्ह. पहिली तपासणी एप्रिलमध्ये. दुसरी वीस जूनला, वजन सत्तेचाळीस किलो तीनशे. त्यानंतर चार वर्षं काही नाही. बाळंतपण नाही, गर्भपात नाही, मृत्यू नाही, गाव सोडून गेल्याचीही नोंद नाही. खालचे रकाने नुसते उघडे. आणि मग तिसरी तपासणी, यंदाच्या एकवीस जूनची. वजन सत्तेचाळीस किलो तीनशे.

"हे तिसरी तपासणी माही हाय," पायल म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "माहं नाव कुठी हाय ते पाह्य."

अतुलनं तिच्या नावानं शोधलं, नवऱ्याच्या नावानं शोधलं, मोबाईल नंबरानं शोधलं. बराच वेळ फोनवर फक्त कीबोर्डचा आवाज येत राहिला.

"तुयी नोंदच नाही व कुठी," तो शेवटी म्हणाला. "तू गरोदर हायेस असं कोणीच लिहिलं नाही."

५

धम्मरत्न अंगणात पंपाची मोटार उघडून बसला होता. पायल त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं सरळ विचारलं, शीला कोण.

त्यानं पान्हा खाली ठेवला नाही, पण त्याचा हात थांबला. तो खोटं बोलला नाही. एवढं तरी त्याचं म्हणावं लागेल. शीला त्याची पहिली बायको, असं त्यानं सांगितलं. तुझ्या कानावर घालणार होतो, पण आई म्हणाली आधी दिवस राहू दे.

"मेली का?"

"नाही."

"सोडून गेली?"

धम्मरत्ननं तिच्याकडं पाहिलं. लग्नानंतर इतक्या मायेनं त्यानं तिच्याकडं पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाच तिच्या ध्यानात आलं, की तो तिच्या चेहऱ्याकडं नाही, पोटाकडं पाहत होता.

"कुठी जाईन ते?" तो म्हणाला. "लेकरू तर इथंच हाय तिचं."

मग त्यानं तिला समजावल्यासारखं सांगितलं, की जास्त विचार करू नकोस, वजन उचलू नकोस, तारीख होऊन जाऊ दे, मग सगळं सुरळीत होईल. इतकी वर्षं थांबलो, तीन महिने काय. पायलनं विचारलं, मग माझं मूल कुठं आहे. माझी तीन मेची पाळी, दहा फेब्रुवारीची तारीख, ते कुठं आहे. तो गोंधळून गेला. हा विचार त्याच्या मनात कधी आलाच नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. त्यानं आईला हाक मारली. रुखमाबाई बाहेर आली, तिनं ऐकून घेतलं आणि पायलच्या खांद्यावर हात ठेवून तिला घरात नेलं.

"आता ऊन झालं, लेट बरं," ती म्हणाली. "उभं राह्यलं की तिचे पाय सुजतात."

६

ऑगस्टच्या अखेरीला, रुखमाबाई शेतात निंदणाला गेल्यावर, पायल एक पिशवी घेऊन निघाली. राळेगावहून यवतमाळ, तिथून पुसदची गाडी. कंडक्टरनं तिचं पोट बघून पुढची सीट रिकामी करून दिली. शेजारची बाई म्हणाली, सातवा का. पायलनं हो म्हटलं. तिच्या हिशेबानं तो चौथा होता. दारव्हा गेलं, दिग्रस गेलं, आणि प्रत्येक स्टँडवर तिला थोडं मोकळं वाटत गेलं. बाळ शांत होतं. आईच्या घरी पोचलं की आधी ओ पॉझिटिव्हचं प्रमाणपत्र काढायचं, मोठ्या दवाखान्यात जायचं, नवीन कार्ड करायचं, असं तिनं ठरवलं.

आई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. ती नुकतीच घरी आली होती. तिनं पायलला पाहून काहीच विचारलं नाही, पाणी दिलं, पाय चोळले, गरम वरण-भात वाढला. पायलनं जेवता जेवता सगळं सांगितलं. नोंद, रक्तगट, मागच्या खोलीतला आवाज. सांगताना ती रडली, आणि आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. किती महिन्यांनी कोणीतरी तिच्या केसांतून हात फिरवत होतं. आईनं एकदाही तुला भास होतोय असं म्हटलं नाही. तिनं विश्वास ठेवला, याचंच पायलला बरं वाटलं.

"तू काई काळजी करू नोको," आई म्हणाली. "चोवीसले सोमवार हाय. मी शाळेत सांगून आठ दिवसाची सुटी घेऊन ठेवली."

पायल पडूनच राहिली. आईचा हात फिरत होता. तिनं आईला आजच्या आधी एकच तारीख सांगितली होती. दहा फेब्रुवारी. आज बोलतानाही चोवीस नोव्हेंबर हे शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते. आणि सुटी तर आईनं ती येण्याआधीच घेऊन ठेवली होती.

"कवापासून माहीत हाय तुले?" तिनं विचारलं.

हात थांबला.  मग आईनं जे सांगितलं ते भिंतीकडं पाहत, हळू आवाजात सांगितलं. पाहुणे पहिल्यांदा आले, त्याच दिवशी रुखमाबाईनं तिला बाजूला नेऊन सगळं मोकळेपणी सांगितलं होतं. आमच्या घरात एक लेकरू जन्मायचं राहून गेलंय, ते आणायला बाई पाहिजे. काही लपवलं नव्हतं त्यांनी. आईला आधी वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे. मग तिनं घर पाहिलं, पोरगा पाहिला. दारू नाही, मारहाण नाही. तुझा बाप गेल्यापासून मी एकटी, माझं गुडघ्याचं दुखणं, तुला अठ्ठावीस लागलेलं.

"मले वाटलं, एक लेकरू तर हाय," आई म्हणाली. "बाई तर पोटात लेकरू ठेवतेच. त्यात काय एवढं?"

"आन मायं?"

 आईनं पायलचं डोकं मांडीवरून उचलून उशीवर ठेवलं, उठली आणि चहाचं आधण ठेवलं. थोड्या वेळानं मागच्या दारात उभी राहून ती फोनवर बोलू लागली. पोचली, नीट आहे, जेवली, एवढं पायलला ऐकू आलं.

७

सकाळी दहाला गाडी आली. धम्मरत्न चालवत होता, पुढं त्याच्याशेजारी रुखमाबाई बसली होती. ती उतरली नाही, तिनं काचेतूनच पायलच्या आईला जयभीम घातला.

पायल रात्रभर विचार करून थकली होती. शेजारच्या अंगणात दोघी जणी उभ्या राहून बघत होत्या. त्यांना हाक मारावी असं तिच्या मनात आलं, पण सांगायचं काय? नवरा न्यायला आलाय, सासूनं उशी आणलीय, आई डब्यात लाडू देतेय. यातली एकही गोष्ट वाईट नव्हती. ती मोठ्या दवाखान्यात गेली असती तरी तिथं तेच रक्त निघालं असतं, तेच आठवडे. पेटीतल्या प्रमाणपत्राला लॅबवाल्या पोरासारखं कोणीही चूक म्हटलं असतं, आणि तिच्या बाजूनं बोलणारा दुसरा एकही कागद जगात नव्हता. एक माणूस होतं, असं तिला कालपर्यंत वाटत होतं.

आई पिशवी घेऊन पुढं झाली. तिनं गाडीचं मागचं दार उघडलं. मागची सीट रिकामी होती, तपकिरी रेक्झिनची, उन्हानं चमकत असलेली. आईनं पिशवी आत ठेवायला हात पुढं केला आणि मध्येच थांबली, दाटीत कोणाला धक्का लागू नये म्हणून माणूस थांबतं तशी.

"सरक थोडी, शीला," ती म्हणाली. "तिले बसू दे."

पायलनं आईकडं पाहिलं. आईच्या आवाजात भीती नव्हती, नवलही नव्हतं. रोजच्या ओळखीच्या लेकीशी बोलावं तसं ती बोलली होती. किती वेळा भेटली असेल आई शीलाला? कुठं बसून बोलल्या असतील दोघी?

दाराजवळचं रेक्झिन हळूहळू वर आलं. पलीकडं, खिडकीशी, ते तेवढंच खाली दबलं.

मग आईनं जागा हातानं पुसून घेतली आणि पायलचा दंड धरला.